एंड-टू-एंड टेस्ट आपल्याच लॅपटॉपवर : वाचकांचे प्रश्न

एंड-टू-एंड टेस्ट म्हणजे खरा ब्राउझर चालवून अख्खं ॲप वापरकर्त्यासारखं तपासणारी टेस्ट. त्या लिहायच्या आणि चालवायच्या साधनांपैकी प्लेराइटविषयी या खेपेचे बहुतेक प्रश्न आहेत, एखाददुसरा सायप्रेसविषयी. टेस्ट लिहिण्यात फारसं कुणी अडकलेलं दिसत नाही. टेस्ट सुरू होण्याआधी सर्व्हर आणि डेटा ठरलेल्या स्थितीत आणायचा असतो, घोडं पेंड खातं ते तिथे. कमांड आणि सेटिंगांची नावं खाली देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलात अर्थातच मूळ स्पेलिंगने लिहायची.

प्रश्न : आमच्या टेस्ट आजवर फक्त सीआयवर (कोड पाठवला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालत आल्या. आता मला त्या लॅपटॉपवर चालवायच्या आहेत. वीट या बिल्ड-साधनावरचं फ्रंटएंड (ब्राउझरमधला भाग), नोडमधलं एपीआय (सर्व्हरवरचा भाग) आणि पोस्टग्रेस डेटाबेस असा संच आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : डेटाबेसपासून. आधी डेटाबेस, मग मायग्रेशन (टेबलांची रचना), मग सीड (सुरुवातीचा डेटा), मग एपीआय, मग फ्रंटएंड आणि सगळ्यात शेवटी ब्राउझर, हा क्रम मोडू नका.

टेस्टसाठी वेगळा पोस्टग्रेस डॉकरमध्ये चालवा आणि बाहेरचा पोर्ट ५४३३ ठेवा, म्हणजे ५४३२ वरच्या रोजच्या डेटाबेसशी गल्लत होणार नाही. डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते सांगणाऱ्या) नुसतं 'डिपेंड्स-ऑन' लिहिलं तर कंटेनर सुरू झाला की नाही एवढंच पाहिलं जातं. आतला पोस्टग्रेस कनेक्शन घ्यायला तयार आहे की नाही हे कुणी विचारत नाही. त्यासाठी हेल्थचेक (तयार आहे का ते विचारणारी कमांड) लिहावा लागतो आणि 'सर्व्हिस-हेल्दी' ही अट घालावी लागते. हेल्थचेकमध्ये 'पीजी-इज-रेडी' वापरताना होस्ट म्हणून १२७.०.०.१ मुद्दाम द्या. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज पहिल्यांदा डेटाबेस तयार करताना आतल्या आत एक तात्पुरता सर्व्हर चालवते, आणि तो फक्त युनिक्स सॉकेटवर ऐकतो. होस्ट दिला नाही तर त्यालाच 'तयार' समजलं जातं आणि मायग्रेशनला मात्र कनेक्शन मिळत नाही. हा बिघाड फक्त पहिल्या खेपेला दिसतो, म्हणून शोधायला त्रास होतो.

मायग्रेशन आणि सीड प्लेराइटच्या 'ग्लोबल-सेटअप'मध्ये टाकायचा मोह होतो. तिथे उशीर झालेला असतो. कॉन्फिगमधल्या 'वेब-सर्व्हर'खाली लिहिलेले सर्व्हर ग्लोबल-सेटअपच्या आधी उठतात, म्हणजे एपीआय रिकाम्या डेटाबेसवर सुरू होतं. ही तयारी वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवून टेस्टच्या कमांडआधी चालवा.

'वेब-सर्व्हर'मध्ये एकापेक्षा जास्त नोंदी चालतात : एक एपीआयची, एक फ्रंटएंडची. प्रत्येक नोंदीत कमांड आणि यूआरएल द्यायचा. त्या यूआरएलवर २०० किंवा ३०० च्या घरातला कोड, नाहीतर ४०० ते ४०३ पैकी एखादा आला, तरच प्लेराइट सर्व्हर तयार मानतं. तुमच्या एपीआयच्या मुळाशी काहीच नसेल आणि तिथून ४०४ येत असेल, तर सर्व्हर व्यवस्थित चालू असूनही प्लेराइट ६० सेकंद थांबून हात टेकतं. त्यासाठी '/हेल्थ' असा एक पत्ता करा. त्याने डेटाबेसला एक साधी क्वेरी घालावी आणि मगच २०० द्यावा. शिवाय या सर्व्हरांचं नेहमीचं आउटपुट आपोआप दिसत नाही. नोंदीत 'एसटीडी-आउट' ला 'पाइप' द्या, नाहीतर सर्व्हर का उठला नाही ते अंदाजाने ठरवत बसाल.

सगळ्यात घातक सेटिंग म्हणजे 'रीयूज-एक्झिस्टिंग-सर्व्हर'. सोयीचं आहे खरं, पण त्या पोर्टवर आधीच काही उत्तर देत असेल तर प्लेराइट तेच वापरतं. मग ते दुसऱ्या ब्रांचचं का असेना, तुमच्या डेव्हलपमेंट डेटाबेसला जोडलेलं का असेना. टेस्टचे पोर्ट म्हणूनच पूर्ण वेगळे ठेवा, समजा एपीआयला ४१०० आणि फ्रंटएंडला ४२००. वीटला 'स्ट्रिक्ट-पोर्ट' लावा. ते नसेल तर ठरलेला पोर्ट अडलेला पाहून वीट पुढच्या पोर्टवर सरकतं, आणि प्लेराइट मात्र जुन्या पोर्टवरच्या जुन्या सर्व्हरशी बोलत राहतं. आणखी एक कडी घालाच : डेटा पुसणाऱ्या स्क्रिप्टने डेटाबेसच्या नावाच्या शेवटी 'टेस्ट' आहे का ते पाहावं, नसेल तर तिथेच थांबावं. चार ओळींचं काम आहे.

राहता राहिला ब्राउझर. 'एनपीएक्स प्लेराइट इन्स्टॉल' ने तो उतरतो. लिनक्सवर जोडीला '--विथ-डेप्स' द्या. प्लेराइटच्या प्रत्येक आवृत्तीला ब्राउझरची तिची ठरलेली आवृत्तीच लागते. त्यामुळे पॅकेज अपडेट केल्यावर 'एक्झिक्युटेबल नाही' असा एरर आला तर तीच कमांड पुन्हा चालवायची.

प्रश्न : ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट हाताने उघडलं की साइट दिसते. टेस्ट चालवली की 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. फायरवॉल बंद करून पाहिला, फरक नाही.

उत्तर : फायरवॉल पुन्हा चालू करा, त्याचा काही दोष नाही. लोकलहोस्ट या एका नावाचे दोन पत्ते असतात : आयपीव्ही४ चा १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ चा ::१. नोड १७ च्या आधी आयपीव्ही४ चा पत्ता नेहमी पुढे ठेवला जाई. २०२१ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून ऑपरेटिंग सिस्टिम ज्या क्रमाने देईल त्याच क्रमाने पत्ते घेतले जातात. त्यामुळे सर्व्हर एका पत्त्यावर ऐकतोय आणि टेस्ट दुसऱ्यावर ठोठावतेय असं होतं. ब्राउझर दोन्ही पत्ते करून पाहतो, म्हणून हाताने उघडताना काही कळत नाही. एररच्या ओळीत कुठला पत्ता छापलाय ते वाचा, तेवढ्यावरून निदान होतं.

उपाय एकच : एक रूप निवडा आणि सगळीकडे तेच लिहा. सर्व्हर सुरू करताना होस्ट १२७.०.०.१, 'बेस-यूआरएल'मध्ये १२७.०.०.१, एपीआयच्या पत्त्यात आणि कॉर्सच्या (एपीआयला कुठल्या साइटवरून हाक मारता येईल त्या) यादीतही १२७.०.०.१. अर्धवट बदल केलात तर पुढची फजिती लॉगिनला होईल. कुकी पोर्ट पाहत नाही, पण होस्टचं नाव पाहते. लोकलहोस्टच्या नावाने दिलेली कुकी १२७.०.०.१ ला जात नाही.

मॅक वापरत असाल आणि सर्व्हर ५००० वर असेल तर वेगळीच शंका घ्या. मॅकओएस मॉन्टेरेपासून एअरप्ले रिसीव्हर ५००० आणि ७००० हे पोर्ट धरून बसतो. 'एलसॉफ -आय :५०००' ने पोर्ट कुणाकडे आहे ते दिसतं. विंडोजवर त्यासाठी 'नेटस्टॅट -एएनओ'.

प्रश्न : पहिल्यांदा सगळ्या टेस्ट पास. लगेच पुन्हा चालवल्या की नोंदणीची टेस्ट फेल, 'हा ईमेल आधीच वापरात आहे'. प्रत्येक टेस्टनंतर ट्रॅन्झॅक्शन रोलबॅक करावं का, म्हणजे तिने डेटाबेसमध्ये केलेले बदल मागे घ्यावेत का?

उत्तर : युनिट टेस्टमध्ये ती युक्ती चालते, इथे नाही. टेस्ट एका प्रोसेसमध्ये आहे आणि डेटाबेसशी बोलणारं एपीआय दुसऱ्या. त्याचं कनेक्शन, त्याचं ट्रॅन्झॅक्शन आणि त्याचा कमिट तुमच्या हातात नाही.

टेस्ट संपल्यावर साफसफाई करण्याची पद्धतही फसवी आहे. टेस्ट मधेच कोसळली किंवा तुम्ही कंट्रोल-सी दाबलं की सफाई राहते, आणि पुढची खेप उष्ट्या डेटावर सुरू होते. सफाई नेहमी सुरुवातीला करा. याचा आणखी फायदा असा की फेल झालेल्या टेस्टचा डेटा तसाच राहतो आणि डेटाबेस उघडून पाहता येतो.

पोस्टग्रेसमध्ये यासाठी टेम्प्लेटची सोय आहे. मायग्रेशन आणि सीड झालेला एक डेटाबेस तयार करून बाजूला ठेवा आणि प्रत्येक खेपेला 'क्रिएट डेटाबेस ... टेम्प्लेट ...' म्हणून त्याची प्रत काढा. मायग्रेशन पुन्हा धावत नाहीत, त्यामुळे छोट्या डेटाबेसला फार वेळ लागत नाही. अट अशी की प्रत काढताना टेम्प्लेटशी दुसरं कुणीही जोडलेलं नको. उघडी राहिलेली एखादी डेटाबेस-खिडकीसुद्धा 'इतर वापरकर्ते वापरत आहेत' असा एरर द्यायला पुरते. जुनी प्रत पाडताना एपीआयची कनेक्शन आड येत असतील तर पोस्टग्रेस १३ पासून 'ड्रॉप डेटाबेस' ला 'विथ फोर्स' जोडता येतं. टेम्प्लेट नको असेल तर 'ट्रंकेट' वापरा, मात्र 'रीस्टार्ट आयडेंटिटी कॅस्केड' सकट. नुसत्या 'डिलीट'ने आयडीची मोजणी पुन्हा १ वर येत नाही, आणि कुठल्या तरी टेस्टमध्ये '/ऑर्डर/१' असं कुणीतरी लिहून ठेवलेलं असतंच.

एवढं करूनही नोंदणीच्या टेस्टमधला ईमेल प्रत्येक वेळी नवा बनवा. त्याला यूयूआयडीचा (जवळपास कधीच न जुळणाऱ्या ओळखक्रमांकाचा) तुकडा जोडा. नुसती वेळ जोडाल तर समांतर चालणाऱ्या दोन टेस्ट एकाच मिलिसेकंदाला गाठू शकतात.

प्रश्न : एकेकटी चालवली की प्रत्येक टेस्ट पास होते, सगळ्या एकदम चालवल्या की रोज वेगळ्याच दोन-तीन फेल. सहकारी म्हणतात, जिथे फेल होईल तिथे तीन सेकंदांचा वेट टाका.

उत्तर : टाकू नका. तीन सेकंद आज पुरतील, उद्या मशीनवर दुसरं काही चालू असेल तेव्हा पुरणार नाहीत, आणि शंभर ठिकाणी टाकले तर दर खेपेला पाच मिनिटं नुसती वाट पाहण्यात जातील.

आधी कारण कुठल्या जातीचं आहे ते ओळखा. 'वर्कर्स' (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेस) १ देऊन सगळ्या टेस्ट चालवा. डीफॉल्टने प्लेराइट लॉजिकल कोअरच्या निम्मे वर्कर उघडतं : ८ कोअर असतील तर ४ ब्राउझर, शेजारी तुमचं एपीआय, डेटाबेस आणि एडिटर. एका वर्करने सगळं सुरळीत झालं तर दोन शक्यता उरतात : टेस्ट एकमेकींचा डेटा तुडवतायत, किंवा मशीन दमलंय. वर्कर २ करून पाहा. फेल होणाऱ्या टेस्ट त्याच राहिल्या तर डेटा, बदलत राहिल्या तर बहुधा मशीन.

डेटाचं भांडण असेल तर प्रत्येक वर्करला स्वतःचा युजर, आणि शक्य असेल तर स्वतःची संस्था किंवा खातं द्या. नाव ठरवताना 'पॅरलल-इंडेक्स' घ्या, 'वर्कर-इंडेक्स' नको. टेस्ट फेल झाली की प्लेराइट तो वर्कर टाकून नवा उघडतं. तेव्हा वर्कर-इंडेक्स वाढत जातो, पॅरलल-इंडेक्स ० पासून वर्करांच्या संख्येच्या आतच राहतो. सीडमध्ये चार युजर असतील आणि तुम्ही वर्कर-इंडेक्स वापरलात, तर पहिल्या फेलनंतर पाचव्या युजरचा शोध सुरू होतो. प्रत्येक वर्करला वेगळा डेटाबेस देणं ऐकायला छान वाटतं, पण मग एपीआयचे सर्व्हरही तेवढेच चालवावे लागतात. बहुतेकांना त्याची गरज नसते.

एका वर्करनेही टेस्ट अधूनमधून फेल होत असेल तर ती एकटी घेऊन '--रिपीट-ईच=२०' लावा आणि '--ट्रेस ऑन' द्या. ट्रेसमध्ये प्रत्येक क्रियेच्या आधीचं आणि नंतरचं पान, नेटवर्क आणि कन्सोल असं सगळं मिळतं. तीन गोष्टी शोधा.

पहिली, वाट न पाहणारी तपासणी. 'इज-व्हिजिबल' विचारून आलेलं उत्तर 'एक्स्पेक्ट'मध्ये घातलं तर ते त्या क्षणाचं उत्तर असतं, प्लेराइट थांबत नाही. लोकेटरच (पानावरचा घटक कसा शोधायचा याचं वर्णन) 'एक्स्पेक्ट'ला देऊन 'टू-बी-व्हिजिबल' म्हटलं तर ते ५ सेकंदांपर्यंत पुनःपुन्हा पाहतं. त्याच्यापुढचा 'अवेट' विसरणं हाही याच कुळातला दोष. तो पकडायला ईएसलिंटचा 'नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस' नियम लावून टाका.

दुसरी, हायड्रेशन. सर्व्हरने बनवून पाठवलेल्या पानावर बटण दिसतं, पण जावास्क्रिप्ट अजून त्याला जोडलेलं नसतं. प्लेराइट माणसापेक्षा फार आधी क्लिक करतं आणि तो क्लिक हवेत जातो. ट्रेसमध्ये क्लिक यशस्वी दिसतो, मागोमाग नेटवर्क रिक्वेस्ट मात्र नसते. भरलेला मजकूर क्षणभराने पुसला जाणं हेही त्याचंच लक्षण. हायड्रेशन होईपर्यंत बटण आणि रकाने डिसेबल्ड ठेवा. ते एनेबल होईपर्यंत प्लेराइट आपणहून थांबतं. स्लो नेटवर्कवरच्या खऱ्या माणसांचाही यात फायदा आहे, म्हणून ही दुरुस्ती टेस्टमध्ये न करता ॲपमध्ये करावी असं आमचं मत.

तिसरी, डेव्ह सर्व्हर, म्हणजे कोड लिहिताना वापरायचा सर्व्हर. वीट (उच्चार हाच, आणि कधी कधी तो येतोही) एखादं पॅकेज पहिल्यांदाच लागलं की ते तयार करून पान रीलोड करतं. नेमकी तेव्हा टेस्ट फॉर्म भरत असेल तर फॉर्म रिकामा. नेक्स्ट या फ्रेमवर्कचा डेव्ह सर्व्हर पान पहिल्यांदा मागितल्यावर ते कंपाइल करतो, त्यामुळे दिवसाची पहिली टेस्ट टाइमआउट होते. टेस्ट लिहीत असताना डेव्ह सर्व्हर ठीक आहे. संपूर्ण संच चालवताना बिल्ड करून तो बिल्ड सर्व्ह करा.

'नेटवर्क-आयडल' हा उपाय कुणी सुचवला तर नम्रपणे नाकारा. अर्धा सेकंद नेटवर्क शांत राहिलं एवढंच ते पाहतं, आणि सतत पोलिंग करणाऱ्या पानावर ती शांतता कधी येतच नाही.

प्रश्न : प्रत्येक टेस्टमध्ये लॉगिन करण्यात फार वेळ जातो. एकदाच लॉगिन करून चालेल का?

उत्तर : चालेल. एक 'सेटअप' प्रोजेक्ट करा, त्यात लॉगिन करून 'स्टोरेज-स्टेट' फाइलमध्ये साठवा आणि बाकीचे प्रोजेक्ट त्यावर 'डिपेंडन्सीज'ने अवलंबून ठेवा. त्या फाइलमध्ये कुकी आणि लोकल-स्टोरेज जातं, सेशन-स्टोरेज जात नाही. तुमचं ॲप टोकन तिथे ठेवत असेल तर ते वेगळं भरावं लागेल. फाइल गिटइग्नोअरमध्ये घाला, तिच्यात जिवंत सेशन असतं. लॉगआउटच्या टेस्टला मात्र ही फाइल देऊ नका. ती टेस्ट सर्व्हरवरचं सेशन मोडते आणि तेच सेशन वापरणाऱ्या बाकीच्या सगळ्या टेस्ट लॉगिनच्या पानावर जाऊन पडतात.

क्रोमियममध्ये (क्रोमचा पाया) लॉगिन टिकतं आणि वेबकिटमध्ये (सफारीचं इंजिन) टिकत नाही अशी तक्रार याच विषयावर दुसऱ्या वाचकाने केली आहे. कुकीवर 'सिक्युअर' खूण आहे आणि साइट साध्या एचटीटीपीवर आहे. लोकलहोस्ट असेल तर क्रोमियम आणि फायरफॉक्स सूट देतात, वेबकिट देत नाही. स्थानिक टेस्टसाठी ती खूण कॉन्फिगने काढा, किंवा 'एमकेसर्ट' या साधनाने प्रमाणपत्र बनवून एचटीटीपीएस चालवा.

प्रश्न : ईमेलवर येणारा ओटीपी आणि पेमेंट यांचं काय करायचं? 'पेज-रूट'ने पेमेंटची रिक्वेस्ट अडवली तरी खरी रिक्वेस्ट जातेच आहे.

उत्तर : 'पेज-रूट' फक्त ब्राउझरमधून निघणाऱ्या रिक्वेस्ट अडवतो. तुमचं एपीआय थेट पेमेंट कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं, ते त्याला दिसतच नाही. एपीआयमध्ये पेमेंटचा मूळ पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या आणि टेस्टमध्ये तो एका छोट्या नकली सर्व्हरकडे वळवा. त्या नकली सर्व्हरकडून यश, नकार आणि उत्तरच न येणं या तिन्ही गोष्टी करून घ्या. नकाराची टेस्ट लिहायची राहून जाते असा सार्वत्रिक अनुभव आहे. ब्राउझरची रिक्वेस्टही अडत नसेल तर पानावर सर्व्हिस वर्कर (पानामागे चालून रिक्वेस्ट आपणच हाताळणारी स्क्रिप्ट) आहे का ते पाहा. कॉन्फिगमध्ये 'सर्व्हिस-वर्कर्स'ला 'ब्लॉक' द्या.

ईमेलसाठी मेलपिट (पत्रं बाहेर न पाठवता पकडून ठेवणारा सर्व्हर) चालवा. एसएमटीपी १०२५ वर, वेब आणि एपीआय ८०२५ वर. टेस्टने मेलपिटच्या एपीआयकडे त्याच पत्त्याचं पत्र मागायचं आणि त्यातून ओटीपी काढायचा. पत्र यायला क्षणभर लागतो, म्हणून 'एक्स्पेक्ट-पोल'मध्ये गुंडाळा. प्रत्येक टेस्टला नवा ईमेल असेल तर 'सगळ्यात अलीकडचं पत्र' घेताना दुसऱ्याच टेस्टचा ओटीपी हाती लागत नाही.

प्रश्न : स्क्रीनशॉट तुलनेच्या टेस्ट माझ्याकडे पास, सीआयवर फेल.

उत्तर : फॉन्ट रंगवण्याची रीत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी, म्हणून तर प्लेराइट फाइलच्या नावात प्लॅटफॉर्म लिहितं. मूळ चित्रं नेहमी सीआयच्याच डॉकर इमेजमध्ये बनवा, मॅकवर किंवा विंडोजवर नको. इमेजची आवृत्ती आणि पॅकेजची आवृत्ती तंतोतंत एक हवी. कंटेनर सुरू करताना '--आयपीसी=होस्ट' द्या; डॉकरची शेअर्ड मेमरी डीफॉल्टने ६४ एमबी असते आणि क्रोमियम त्यात कोसळतं. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, लॅपटॉप नव्हे. लॅपटॉपवरच्या सर्व्हरला गाठायला 'होस्ट.डॉकर.इंटर्नल' वापरा, लिनक्सवर ते नाव 'होस्ट-गेटवे'शी जोडून द्यावं लागतं आणि सर्व्हरही ०.०.०.० वर ऐकता ठेवावा लागतो.

प्रश्न : सायप्रेस सोडून प्लेराइटवर जावं का?

उत्तर : नुसत्या स्थानिक वापरासाठी, चालू असलेला संच मोडून जाऊ नये. 'सायप्रेस ओपन' उघडं ठेवून टेस्ट लिहिण्याची सोय आजही उत्तम आहे; फाइल सेव्ह केली की टेस्ट पुन्हा धावते. दोन फरक लक्षात ठेवा. सायप्रेस सर्व्हर स्वतः सुरू करत नाही, त्यासाठी 'स्टार्ट-सर्व्हर-अँड-टेस्ट' हे पॅकेज लावा. आणि कमांडचा डीफॉल्ट टाइमआउट ४ सेकंदांचा आहे. दमलेल्या मशीनवर तो वाढवण्याआधी डेव्ह सर्व्हरऐवजी बिल्डवर टेस्ट चालवून पाहा.